टोपलीखालची मुनिया

देवणीचा मलप्पा म्हणजे हेकट माणूस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातला. लातूर जिल्हा झाला आणि त्याच्या मन्मथला तिथल्या कचेरीत नोकरी लागली. पोरानं बायको आणि तिन्ही लेकरं नेली. बापालाही तीनदा बोलावलं. "एका खोलीत सहा जण? मी काय जनावर हाय?" असं मलप्पा तिसऱ्यांदा खेकसला, आणि मन्मथनं विचारणं सोडलं. बायको गुरम्मा तर आधीच वारलेली. घर खायला उठायचं. पण हे कुणाजवळ बोलेल तर तो मलप्पा कसला!

त्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष. एके दुपारी अंगणातल्या रांजणात काहीतरी फडफडलं. मलप्पानं हात घालून चिमुकलं पाखरू बाहेर काढलं. चिमणीचं पिल्लू समजून त्यानं ते टोपलीखाली झाकलं, पुढ्यात कालवलेलं पीठ ठेवलं. पाखरू चोच लावीना.

शेजारची शरणम्मा डोकावली. "अप्पा, पिल्लू कुठलं? चांगलं मोठं पाखरू हाय. चोच बघा की, जाडजूड, राखी. शेपूट काळं, टोकदार. मुनिया हाय ती. गवताचं बी खाती, पीठ न्हाई."

"लई शहाणी तू! एकटं हाय बिचारं. ऱ्हाऊ दे माझ्याजवळ."

"एकटं? वर बघा जरा."

अंगणालगतच्या बाभळीवर सुगरणीनं टाकून दिलेला खोपा लोंबत होता. त्याच्या शेजारी फांदीवर पाच मुनिया अंगाला अंग लावून बसल्या होत्या. दिवस कलला तरी एकही आत जाईना. टोपलीतून चिक् झालं की पाचही ओरडायच्या. मलप्पाला वाटलं, आत्ता जातील, मग जातील. अंधारून आलं तरी त्या तिथंच.

त्यानं टोपली उचलली. पाखरू भुर्रकन फांदीवर गेलं, आणि मग एकामागून एक सहाही जणी त्या ओंजळीएवढ्या खोप्यात शिरल्या. बराच वेळ आत सरकासरकी, कुरकुर चालली होती.

"मावल्या की गं सगळ्या!" मलप्पा म्हणाला. शरणम्मा कधीच घरी गेली होती. त्याला रडू आलं.

सकाळी त्यानं पोस्टकार्डावर एवढंच लिहिलं, 'मन्मथा, तुझ्या खोलीत कोपरा शिल्लक हाय का?' कार्ड पेटीत टाकलं, आणि उत्तर तिथंच मिळणार असल्यागत पेटीपाशी उभा राहिला.