बारा ते दोनचा पहारा

अख्ख्या पाथर्डी तालुक्यात माझ्याएवढा नेमाचा माळकरी तुमाला हुडकून सापडायचा न्हाई. ह्ये माझ्याशिवाय अजून कुनी म्हनलेलं न्हाई. साळा मी बघितली ती बाहीरनंच, म्हसरं हाकताना. म्हनून मी बोलतोय आन् थोरली सून लिहून घेतीय. ती मधीच तोंडाला पदर लावून हसती, तवा कुठं चुकलं तर तिचं, आन् कुठं चांगलं वाटलं तरी तिचंच.

पन्नाशीपतूर मी खायचं ते समदं खाल्लं, न प्यायचं तेबी बरंच प्यालो. मंग गळ्यात तुळशीची माळ घातली आन् दुसऱ्या दिशीपासनं गावाला नेम शिकवायला लागलो. जुनी माळकरी मंडळी आपली गप असायची. मी नवा, म्हनून लई वाजायचो. एकादशीला कुनाच्या घरातनं कांद्याच्या फोडनीचा वास आला, त्ये मला आळीच्या ह्या टोकाला बसून कळायचं. आमची म्हातारी म्हनायची, "सवताच्या ताटात बघा, तिकडं कालवन निवलं." पन मी ऐकतोय कशाला. नेम मोडनारा मानूस घावला की मला जेवल्यावानी वाटायचं.

आमच्या गावात चैतात सप्ता असतो. सात दिवस, रातंदिस, वीणा भुईला टेकवायची न्हाई. एकानं दोन तास ती गळ्यात घिऊन हुभं ऱ्हायचं, तोंडानं नाम घ्यायचं, मंग दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आन् देनाऱ्या-घेनाऱ्यानं एकमेकाच्या पाया पडायचं. ह्या दोन तासाला पहारा म्हनत्यात. बाई असू दे का बापय, वीणा घेनारा माळकरी पायजे. सप्त्याचं मुख्य म्हंजी तात्या. नव्वदीला टेकल्यात, समदा जलम वीणेपशी गेला. त्या साली त्यांनी पहाऱ्याची यादी माझ्या हातात दिली. ज्याला वाचता येत न्हाई त्याला यादी का दिली, तर म्हनं कामात गुतला की तेवढाच गप बसंल. मी नावं तोंडपाठ केली आन् कागद नुसता हातात धरून मंडपात हिंडायचो, मोठा सायेब असल्यावानी.

पाचव्या दिशी सकाळी नवाच्या एस्टीनं मंदा आली. मंदा आमच्याच आळीतली, मच्छिंद्रची बायकू. दोघं ऊसतोडीला गेल्तं. ट्रक भरताना मच्छिंद्र डोक्यावरल्या मोळीसकट फळीवरनं घसरला आन् पायाचा पार चेंदामेंदा झाला. नगरला दवाखान्यात हुता. पाय ऱ्हाईल का काढावा लागंल, त्ये आपरेशनातच कळंल असं डाक्टर म्हनलं हुतं, आन् आपरेशन त्याच दुपारी हुतं. दिराला तिथं बसवून ही आल्ती. नवऱ्याच्या पायासाठी तिनं देवाला बोललं हुतं, एक पहारा वीणा घिऊन हुभी ऱ्हाईन. संध्याकाळच्या गाडीनं तिला माघारी जायचं हुतं.

"आबा, गोरखभाऊजी लगनाला गेल्यात म्हनं. त्यांचा बारा ते दोनचा पहारा मला द्या."

"माळ कुठाय तुझी?"

तिनं पदराची गाठ सोडली. आत तुळशीचं मनी. "फडात उसाच्या पाचटाला आडकून तुटली. समदं मनी हुडकून ठिवल्यात."

माळ तुटली तर ती वोवून पुन्यांदा गळ्यात पडंपतूर पान्याचा थेंबबी घ्यायचा न्हाई, असा आमचा नेम हाय. म्हनून मी इचारलं, "तुटल्यावर पोटात काय घातलंस का?"

तिला खोटं बोलता आलं असतं. कोन बघायला गेल्तं फडात? पन ती म्हनली, "चार दिस झालं आबा. तवा मोळ्या भरायच्या हुत्या. भाकरी खाल्ली. न खाता कोयता उचलत न्हाई."

"मंग बाटली की माळ! आता नव्यानं घ्यावी लागंल, एकादशी बघून, म्हाराजांच्या हातनं. तवर वीणेला हात लावायचा न्हाई. हितं लिहिलंय, बघ." आन् मी कागद तिच्या म्होरं धरून त्यावर बोट ठिवलं. तसं त्यात काय लिहिलंय मला काय ठाव, पन बोट जोरात ठिवलं.

तिनं कागदाकडं बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. आन् मंडपाच्या कडंला, लोकं चपला काढत्यात तिथं जाऊन उन्हात बसली.

आता खरं सांगतो. म्हैनाभर आधी मी घोडेगावच्या बाजारात कालवड घ्यायला गेल्तो. कालवडीनं मान झटकली, तिचं शिंग माझ्या माळंत आडकलं, आन् माझी माळ तटकन तुटली. मनी गोळा करून खिशात घातलं. म्होरंच भज्याची कढई. नेम मला पाठ हुता, पन पोटानं म्हनलं आधी भजी. दोन पलेटी खाल्ल्या, वर च्या प्यालो, आन् मंग टेम्पोवाल्याकडनं सुतळीचा तोडा घिऊन त्यात मनी वोवून गळ्यात घातलं. कुनाला सांगितलं न्हाई. म्हंजी जे तिनं केलं तेच मी केलं, फकस्त तिनं कामासाठी खाल्लं आन् मी वासानं. तिला न्हाई म्हनताना ती सुतळी माझ्या मानंला टोचत हुती. मी सदऱ्याचं वरलं बटन लावलं.

धा ते बारा माझाच पहारा हुता. म्हनलं, बारा ते दोनबी मीच हुभा ऱ्हातो, पन नेम मोडू देनार न्हाई. वर आनिक पानीबी प्यायचं न्हाई असं मीच ठरीवलं. तसं कुनी सांगितलेलं नव्हतं, पन चार लोकांनी बघितलं पायजे ना. बारा वाजले. समदी पंगतीकडं गेली. डोक्यावर पत्रा तापलेला. तोंडानं राम कृष्ण हरी म्हनतोय आन् डोळ्याम्होरं थंड पान्याचा माठ. मंग माठ दोन झाले. मंग गुडघं मेनबत्तीवानी वाकलं. मला येवढंच कळलं की हात ढिलं पडल्यात, वीणा म्होरं चाललीय, आन् आता ती भुईला टेकनार. किती वर्साचा सप्ता, आन् माझ्या हातनं मोडनार. तवा पयल्यांदा, माळ घातल्यापासनं दोन वर्सात खरंच पयल्यांदा, मी देवाला मनापासनं हाक मारली. म्हनलो, मला पाड, पन हिला धर.

त्यानं तसंच केलं. मी आपटलो. कपाळाला ह्ये येवढं टेंगूळ आलं. वीणा मातुर टेकली न्हाई. पट्टा माझ्या मुंडक्यातनं टोपीसकट निघाला आन् वीणा मंदाच्या हातात हुती. चपलांपासनं माझ्यापतूर वीस-पंचवीस पावलं असतील. ती कवा उठली आन् कशी पोचली, मला ठाव न्हाई. तिला इचारलं तर म्हनती, "तुमी डुलत हुता, मी आधीच उठले हुते." आसंल. मी पडल्या पडल्या ऐकत हुतो. माझ्या तोंडातनं नाम अर्ध्यात तुटलं आन् म्होरलं अर्धं तिच्या तोंडातनं आलं. डोळं उघडलं तर म्होरं तिचं पाय, भेगा पडलेलं, आन् वर वीणा धरलेलं हात, उसाच्या पानांनी चिरलेलं.

पंगतीतनं लोक पळत आली. लिंबाच्या सावलीतनं तात्या काठी टेकत आलं.

"काढून घ्या आधी! तिच्या गळ्यात माळ न्हाई," कुनीतरी वरडलं. "सप्ता बाटला!"

तात्यांनी काठी वर केली, तशी समदी गप झाली. "वीणा टेकली का?"

"न्हाई."

"नाम थांबलं का?"

मंदाचं डोळं मिटलेलं, नाम चालूच. तात्या माझ्याकडं वळलं. "तू सांग. सकाळी तूच न्हाई म्हनलास ना? मंग आता काढून घ्यायची का?"

मी भुईवर, टोपी न्हाई, टेंगूळ सुजतंय. मला म्हनायचं हुतं न्हाई. पन तोंडातनं निघालं, "तात्या, भजी."

"काय?"

मंग मी समदं सांगितलं. कालवड, कढई, दोन पलेटी, सुतळी. लोक आसं हसलं की पंगतीतलं वाढपी बघायला आलं. तात्या हसलं न्हाईत.

"म्हंजी पाच दिस तू वीणा घेतलीस, ती भजी खाऊन."

"व्हय तात्या."

"मंग देव उठून गेला का मंडपातनं?"

"न्हाई."

"मंग तिच्यानं कसा जाईल? तुला सोसलं, तिला न्हाई सोसनार?" लोकांकडं वळून म्हनलं, "बारा ते दोन तिचा पहारा. आन् ह्याला पानी पाजा."

मंग तात्या तिथंच मांडी घालून बसलं. मंदाच्या पदरातलं मनी मागून घेतलं, देवाच्या हाराचा दोरा काढला आन् वोवायला लागलं. त्यांचं हात कापत्यात, म्हनून मी एक-एक मनी पुसून त्यांच्या बोटात देत हुतो. दोन वर्सं मी लोकांचं दोष मोजलं, मनी कवा मोजलं नव्हतं. दोन वाजता गोरख लगनातनं धापा टाकत आला, त्यानं वीणा घेतली आन् तात्यांनी माळ मंदाच्या गळ्यात घातली. एकादशी नव्हती. कुनी इचारलंबी न्हाई.

संध्याकाळी ती जायच्या आधी दिराचा फोन आला. मच्छिंद्रचा पाय ऱ्हायला. दोन बोटं गेली. ह्ये वीणेनं झालं का डाक्टरनं, मला इचारू नका. ज्याला भज्याम्होरं नेम पाळता येत न्हाई त्यानं असल्या गोष्टीचा निवाडा करू नये. मला येवढंच ठाव की मी ज्याला घट धरून बसलो हुतो त्ये मला धरता आलं न्हाई, आन् जिला मी लांब बसवली तिनं त्ये धरलं. तवापासनं गळ्यातली सुतळी मी काढलेली न्हाई. टोचती, म्हनूनच ठिवलीय. कुनाच्या घरातनं फोडनीचा वास आला तर आता मी म्हनतो, वास झ्याक हाय.

एक ऱ्हायलं हुतं मनात. वीणा देताना पाया पडायचं असतं, आन् मी पडलो हुतो तो निराळाच. मच्छिंद्र काठी टेकत हिंडाया लागल्यावर एक दिस मी त्यांच्या घरी गेलो. मंदा चुलीपशी भाकरी थापत हुती. मी वाकलो, डोळ्यात पानी आनलं आन् मोठ्या आवाजात सुरू केलं, "मंदा, मी त्या दिशी नेम नेम करत..."

"आबा, उठा," ती म्हनली. "त्या दिशी तुमी कागद उलटा धरला हुता. मी सातवी शिकलीय. चार लोकांत बोलले न्हाई येवढंच. आता सरका तिकडं, माझी भाकरी करपती."