सुरीच्या बदल्यातला रुपया

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि परीक्षेच्या निबंधापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. तरी लिहितो आहे — कारण ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. आईलासुद्धा नाही.

आमच्याकडे धारेची वस्तू फुकट घेत नाहीत. विळा असो, सुरी असो — घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हातावर निदान एक रुपया ठेवायचा. नाही ठेवला, तर ती धार दोघांमधलं नातं कापते. हे मला कुणी शिकवलं? आठवत नाही. ठाऊकच होतं.

माझा मामा जंगलात रोजंदारीवर काम करतो. मी गोंदियाजवळ फुलचूरला दोन मित्रांबरोबर खोली घेतली, हातानं स्वयंपाक करतो, हे कळल्यावर तो कोहमाऱ्याहून बस पकडून आला. सोबत एक सुरी. गॅरेजवाल्याकडून ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा मागून आणला होता, लोहाराकडून घडवून घेतला होता, आणि तिवसाच्या लाकडाची मूठ स्वतः तासली होती.

दारातच तो वाकून माझ्या पाया पडला. आमच्यात मामा भाच्याच्या पाया पडतो. मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण मित्र गोंदिया शहरातले. एकजण हसला, "अरे, ये अंकल तेरे पैर क्यों छू रहे हैं? बाबा बन गया क्या तू?" दुसऱ्यानं विचारलं, कोण आहेत हे?

मी म्हणालो — गावाकडचे आहेत.

मामानं ऐकलं का? मला वाटलं, नाही. तो खाली बसून सुरीवरचा कागद सोडत होता. सुरी माझ्या हातात आली आणि मी पाहतच राहिलो. इतकी सुंदर वस्तू खास माझ्यासाठी कुणी कधी केली नव्हती. मग त्यानं हात पुढे केला.

"भाच्या, एक रुपया दे मले. लोखंड फुकट घ्याचं नसते."

'भाच्या' — मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं. माझं खोटं उघडं पडलं. खिशात सुटे होते. मी म्हणालो, मी असलं काही मानत नाही, कॉलेजात शिकतो मी. एका मित्रानं माझ्या पाठीवर थाप मारली. मामानं हात मागे घेतला, तांब्याभर पाणी प्यायला आणि गेला.

आता पुढचं. इथपर्यंत मी कितीदा तरी येऊन परत फिरलो आहे. मी असलं मानत नव्हतो म्हणून रुपया दिला नाही — असं मित्र समजतात. मी मानत होतो. अगदी पूर्ण मानत होतो. नातं तुटावं, हा माणूस पुन्हा माझ्या दारात दिसू नये — म्हणून दिला नाही.

आणि तो खरंच आला नाही. दोन दिवाळ्या गेल्या. मी थक्क झालो होतो. न दिलेल्या एका रुपयात एवढी ताकद? कांदा चिरताना हात थांबायचा. मी मनात धरलेलं या लोखंडानं ऐकलं होतं — माझं इतकं निमूटपणे तोवर कुणीच ऐकलं नव्हतं. त्या सुरीपुढे मी मोठ्यानं बोलायचोसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात मामाच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला. बारावी झाली, कॉलेजचा फॉर्म कसा भरायचा, विचारत होती. बोलता बोलता म्हणाली, तुझा रुपया अजून देवाजवळ आहे. मी विचारलं, कोणता रुपया?

"तूच तं देल्ला ना दादा, सुरीचा. बाबा कोनाले हात नाही लावू देत. म्हणते, भाच्यानं मित्रासमोर देल्ला."

मी विचारलं, मग मामा येत काऊन नाही?

"आमी म्हणतो जा म्हणून. तं म्हणते, मी गेलो का त्याले खाली पाहा लागते."

मी तिला फॉर्मची शेवटची तारीख सांगितली आणि फोन ठेवला.