फॉरमॅट मारायचा नाही

“फॉरमॅट मार अन् मोकळी हो,” विजूभाऊ म्हणाले. “नवीन विंडोज टाक, दोन ड्राइव्ह पाडून दे. बारा वाजता लाइन जाते.”

विजूभाऊ माझे मालक. यवतमाळात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथे हार्डवेअरचं काम करायचे. टेबलावर एक उघडा सीपीयू होता. पलीकडे दोघं उभे होते. एक कविता राठोड. ती महागावात टायपिंग आणि झेरॉक्सचं सेंटर चालवायची. दुसरे तिच्या बंजारा तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, प्रेमदासकाका. काकांनी तो सीपीयू गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून, सकाळच्या पहिल्या एसटीनं आणला होता.

“आमच्या पणज्यानं बैलाइच्या पाठीवर मीठ वाह्यलं,” ते मला म्हणाले. “एक गोणी फुटू देल्ली नाही. हा डबाबी तसाच आणला. आता तुमच्या हातात हाये.”

“यात काय आहे, काका?”

उत्तर कवितानं दिलं.

कपाशीची ती वाईट वर्षं होती. त्या हंगामात तांड्यावर आणि शेजारच्या गावांत एकाच विक्रेत्याकडून घेतलेलं बियाणं उगवलंच नाही. विक्रेता म्हणाला, पाऊस कमी पडला. पण त्याच पावसावर, धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, वावरात दुसरं बियाणं हिरवंगार उभं होतं. मग लोकांनी मुदतीत भरपाईचे अर्ज दिले. प्रत्येक अर्जाची पोच घेतली. पोच म्हणजे अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाचा गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पुढे तिथल्या एका बाबूनं “पडताळणी करून परत देतो” म्हणून त्या सगळ्या पोच मागून घेतल्या. त्या परत आल्या नाहीत. आता कार्यालयाचं म्हणणं असं, की मुदतीत एकही अर्ज आला नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चौकशी समितीसमोर सुनावणी होती. कवितानं पोच देण्याआधी सगळ्या स्कॅन केल्या होत्या. ते स्कॅन या हार्ड डिस्कवर होते. फक्त याच डिस्कवर.

कार्यालय कोणतं, हे मी लिहीत नाही. असं कार्यालय ज्यानं पाहिलं नाही, तो वाचक मला अजून भेटायचा आहे.

आता बिघाड कसा झाला ते सांगते. हार्ड डिस्क म्हणजे एक मोठं वावर समजा. त्याचे भाग पाडले की सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह होतात. यालाच पार्टिशन म्हणतात. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, हे डिस्कच्या अगदी सुरुवातीला एका छोट्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तो पार्टिशन टेबल. कविताकडे सगळं एकाच सी ड्राइव्हमध्ये होतं. तिचं विंडोज सारखं अडकायचं. कुणीतरी सांगितलं, डी ड्राइव्ह पाड, डेटा तिकडे ठेव, म्हणजे विंडोज गेलं तरी डेटा राहील. सल्ला बरोबर होता. तिनं सी लहान करून डी पाडायला घेतलं आणि काम अर्धवट असताना लाइन गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती.

“मी लोडशेडिंगचं टाइमटेबल पाहूनच बसली होती ताई,” कविता म्हणाली. “आमच्याकडे अकराला जाते. मी नऊला सुरू केलं. पण एक तारखेपासून टाइम बदलला, ते कोणी सांगितलंच नाही.”

“तिले रागावू नका,” काका म्हणाले. “पोरगी टाइमटेबल पाहून बसली. बदललं त्याइनं.”

रागावायचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षांत आमचा अख्खा जिल्हा त्या टाइमटेबलवर जगत होता. पिठाची गिरणी, मोटारपंप, लग्नातला बँड, सगळे.

मी डिस्क तपासली. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना यंत्रांची हजेरी लागते तिथे, तिचं नाव येत होतं. फिरण्याचा आवाज सारखा होता. म्हणजे डिस्क जिवंत. पण आत पाहिलं तर सगळी जागा ‘अनअॅलोकेटेड’. कोरी. विंडोज विचारत होतं, फॉरमॅट करू का?

“पाह्य, तेही तेच म्हणून राह्यलं,” विजूभाऊ म्हणाले. “फॉरमॅट मार. मग रिकव्हरी लाव. येईल जे यायचं ते.”

“जे यायचं ते येईल भाऊ, पण फायलींची नावं येतीलच असं नाही. नवीन विंडोज डेटावर चढेल. उद्या हे समितीपुढे काय ठेवतील?”

“तू दुकान चालवतं का मोर्चा?”

“आधी डिस्कची हुबेहूब नक्कल काढते. जे काय करायचं ते नकलेवर. मूळ डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही.”

“नक्कल कशावर? कोरी डिस्क एकच हाये, ते गिऱ्हाइकाची ऑर्डर हाये.”

“संध्याकाळपर्यंत कोरी करून देते.”

विजूभाऊंनी जॉबकार्ड पुढे सरकवलं. “मंग आधी याच्यावर सही घे.”

“काय लिवलं याच्यात?” काकांनी विचारलं.

खाली छापलेलं होतं: डेटाची जबाबदारी दुकानाची नाही. मी ते वाचून दाखवलं. काका गोधडीची घडी घालत राहिले.

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील युनियनची पत्रकं काढायचे. पत्रकाच्या तळाशी ते स्वतःचं नाव न चुकता छापायचे आणि मला सांगायचे, जो बोलतो त्यानं नाव लपवायचं नाही. मी ती ओळ पेनानं खोडली आणि खाली लिहिलं: जबाबदारी माझी. मेघा. विजूभाऊंनी कपाळावर हात मारला, पण कार्ड फाडलं नाही.

साडेआठ झाले होते. दोन्ही डिस्क जोडल्या तर एकही दिसेना. मी दोन्ही काढून पाहिल्या. मग लक्षात आलं, दोन्हींचे जम्पर ‘मास्टर’वर होते. जम्पर म्हणजे डिस्कमागची बारकी टोपी. एका केबलवर दोन मालक चालत नाहीत. एक ‘स्लेव्ह’ केली आणि नक्कल सुरू झाली. ती पुरी व्हायला जवळजवळ तीन तास लागणार होते आणि आमचा इन्व्हर्टर जेमतेम पंधरा मिनिटांचा. बाराच्या आत व्हायलाच हवं होतं.

कविता टक्के मोजत होती, काका घड्याळ पाहत होते. पावणेबाराला नक्कल पूर्ण झाली. बाराला लाइन गेली, तीनला आली. मधल्या वेळात विजूभाऊंनीच सगळ्यांना जेवायला नेलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना फक्त फॉरमॅटची सवय होती.

तीनला मी नकलेवर हरवलेले भाग शोधणारा प्रोग्राम लावला. त्यानं एक नाही, चार भाग दाखवले. एकमेकांवर चढलेले. एक मोठा, जवळजवळ अख्ख्या डिस्कचा, आणि तीन लहान. मी तीन लहान खरे धरले, कारण ते एकापुढे एक नीट बसत होते. टेबल लिहिला, उघडून पाहिलं. फायलींच्या नावांच्या जागी नुसता कचरा. मूळ डिस्कवर हे केलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं.

“कविता, हा कॉम्प्युटर नवीन घेतला होता?”

“नाही ताई, सेकंडहॅंड. कॉलेजच्या लॅबमधला.”

“घेतला तेव्हा ड्राइव्ह किती दिसायचे?”

“एकच. सी.”

लॅबवाल्यांचे तीन ड्राइव्ह होते. विकताना कुणीतरी ते मोडून एक केला होता. जुन्या सीमांच्या खुणा मात्र डिस्कवर राहिल्या होत्या. मी हे समजावू लागले तर काका हसले.

“आमच्या वावरात पाह्य. तीन भावाइचं एक झालं. पण नांगर अजूनबी जुन्या धुऱ्यावर अडखयते.”

मी मोठा भाग निवडला. तो उघडेना. लहान करण्याच्या कामात त्याचं पहिलं पान, म्हणजे बूट सेक्टर, अर्धवट बदललं गेलं होतं. आणि इथे मला डिस्क बनवणाऱ्यांचे नाही, तिच्यावरची मांडणी ठरवणाऱ्यांचे आभार मानावेसे वाटले. एनटीएफएस नावाची ही मांडणी आपल्या पहिल्या पानाची एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी ठेवते. वेगळी. सुरुवात बिघडली तरी शेवट शाबूत राहावा म्हणून. मी शेवटची प्रत तपासली. धड होती. ती पहिल्या जागी लिहिली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

माय कॉम्प्युटर. सी ड्राइव्ह. आत ‘पोच’ नावाचा फोल्डर.

कवितानं पहिली फाइल उघडली. गोल शिक्का. तारीख. आवक क्रमांक. सही.

“ए याडी!” काका आपल्या बोलीत आईच्या नावानं ओरडले आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. विजूभाऊ खुर्चीवरून उठून आले, चष्मा वर करून त्यांनी शिक्का वाचला. “अबे, हे तर एक नंबर झालं,” म्हणाले. मग स्वतः तीन सीडींवर सगळं उतरवलं आणि एक दुकानाच्या कपाटात ठेवली. “असू दे. त्या ऑफिसवाल्याइचा काही भरवसा नाही.”

दुसऱ्या दिवशी सुनावणीत काय झालं ते कवितानं मला फोनवर सांगितलं. बाबू म्हणाला, हे स्कॅन आहेत, कॉम्प्युटरवर काहीही बनवता येतं, मूळ कागद आणा. काका म्हणाले, “मूळ कागद तुमच्याच कपाटात हाये साहेब. बरं, ते राहू द्या. तुमचं आवक रजिस्टर काढा. आमचा नंबर त्याच्यात नसला, तर मी इथूनच घरी जातो.”

समितीच्या अध्यक्षांनी रजिस्टर मागवलं. ते सापडायला बराच वेळ लागला. सापडलं तेव्हा पहिल्या पोचेचा क्रमांक तिथे होता, त्याच तारखेला. दुसरीचाही. मग अध्यक्षांनी एकेक करून सगळे जुळवून घेतले. अर्ज मुदतीत आल्याची नोंद झाली आणि पंचनाम्यासाठी समितीला त्याच आठवड्यात वावरात उतरावं लागलं. बाबूकडे लेखी खुलासा मागितला गेला. विक्रेता ‘पाऊस’ म्हणाला, तेव्हा काकांनी त्याला समितीसकट धुऱ्यावर उभं केलं आणि पलीकडची कपाशी दाखवली.

मी कबूल केल्याप्रमाणे नक्कल घेतलेली डिस्क कोरी करून गिऱ्हाइकाला दिली. विजूभाऊंनी पुढच्या महिन्यात जॉबकार्ड नव्यानं छापून घेतलं. जबाबदारीची ती ओळ अजून तिथेच आहे. धंदा आहे, मी भांडले नाही. पण तिच्यावर एक नवी ओळ आली: फॉरमॅट करण्याआधी नक्कल घेतली का? हो / नाही.

इतक्या वर्षांच्या कामातून माझ्या हाती लागलेला नियम तेवढाच. कोरं दाखवणारं प्रत्येक वेळी कोरं नसतं. डिस्क असो की कार्यालय, ‘इथे काहीच नाही’ असं सांगितलं गेलं, की आधी रजिस्टर मागायचं.