बसून राहा सांगितलं म्हणून

"दादा, इथले सगळे कॉम्प्युटर बंद पडलेत. विमान उडेल ना?"

फोन मुंबई एअरपोर्टवरून होता, सुनंदाताईंचा. मी ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या ट्रॅव्हल एजन्सीत बसलो होतो आणि माझ्याही स्क्रीनवर त्या एअरलाइनचं पान उघडत नव्हतं. उडेल, असं म्हणालो खरं, पण ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिलो.

सुनंदाताई टिटवाळ्याला राहतात. कल्याणच्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहेत. त्या पहाटेच त्यांचे वडील नागपूरला वारले. भाऊ नाही, दोघी बहिणीच. अग्नी थोरलीनेच द्यायचा, हे वडिलांनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं. त्यावरून काका रुसले होते म्हणे. मला झोपेतून उठवून ताईंनी दुपारचं तिकीट काढायला लावलं. संध्याकाळपर्यंत थांबायचं नागपूरच्या मंडळींनी कबूल केलं. ऐन उन्हाळ्यात त्यापुढे कोण थांबणार? वेब चेक-इन, म्हणजे घरबसल्या सीट पक्की करून बोर्डिंग पास मोबाइलवर घेणं, तेही मीच करून दिलं. काम चोख झालं, असं मला वाटत होतं.

लोक विचारतात, विमान काय कॉम्प्युटरवर उडतं? उडत नाही हो. पण आत कोण बसणार, हे कॉम्प्युटरच सांगतो. तो बंद पडला की स्टाफ पेन काढतो. जो समोर उभा असेल त्याचं तिकीट बघतात, नाव उतरवतात, हाताने पास लिहून देतात. विमान भरलं की काउंटर बंद. वेब चेक-इन केलेल्यांची नावं असतात बंद पडलेल्या कॉम्प्युटरात, म्हणजे कोणाला दिसतच नाहीत.

"ताई, तुम्ही आहात कुठे?"

"बसलेय. अनाउन्समेंट झाली ना, वेब चेक-इनवाल्यांनी बसून राहा, तुमची सीट आहेच. काउंटरवर गर्दी करू नका म्हणाले."

"उठा आधी! काउंटरवर जाऊन हाताने पास लिहून घ्या."

"अहो, पण ते सांगतायत ना?"

"सांगू देत. सकाळचं नागपूर फ्लाइट रद्द झालंय. ती सगळी माणसं तुमच्या विमानावर तुटून पडणार."

"दादा, मीही वॉर्ड सांभाळते. सगळेच धावले तर ती काउंटरवरची मुलगी काम कसं करणार? आमच्याकडे असे नातेवाईक आले की मीच त्यांना बसवते."

मला राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. मी एअरलाइनच्या ऑफिसात ओळखीच्या माणसाला फोन लावला.

"साब, मय्यत का मामला है. एक सीट बचाओ."

"सर, हमें ही कुछ नहीं दिख रहा."

"अरे, दिखता नहीं तो नाम लिख लो ना!"

"लिख रहे हैं सर. जो सामने खड़ा है, उसका."

तेवढ्यात नागपूरहून धाकट्या बहिणीचा फोन. नाव छाया. "भाऊ, ताईचा फोन लागून नाही राहिला. बसली का जी ती विमानात?"

"अजून नाही."

"काका घाई करून राहिले. मी धरून ठेवते सगळ्यांना. तुम्ही तिला पाठवा फक्त."

मी पुन्हा पुन्हा फोन करून अक्षरशः ओरडलो, तेव्हा सुनंदाताई उठल्या. पण तिथेही रीतसर रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पुढे सकाळच्या फ्लाइटची माणसं काउंटरवर हात आपटत होती, आणि त्यांना पास मिळत होते. ताईंचा नंबर यायच्या आधीच विमान भरलं. "दादा, माझ्या सीटवर दुसरं कोणी गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. मोबाइलवरच्या पासावर ती सीट अजून त्यांचीच होती.

बाकी एअरलाइन एव्हाना भरून गेल्या होत्या. गाडीने जायचं तर दुसरा दिवस उजाडला असता. मी हात टेकले.

संध्याकाळी छायाने अग्नी दिला. तिकडे त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा तिने फोन चालू ठेवला. सुनंदाताई एअरपोर्टवरच्या गर्दीत उभ्या राहून तेच पुटपुटत होत्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. ऐकताना मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वेगळ्या एअरलाइनने पाठवलं. मग या एअरलाइनला सणसणीत मेल लिहिला. चूक झाली एवढं तरी त्यांनी म्हणावं. उत्तर आलं दोन ओळींचं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर जे विमानात नव्हते, त्या सगळ्यांपुढे 'नो-शो' पडलं होतं. नो-शो म्हणजे प्रवासी एअरपोर्टवर आलाच नाही. सबब तक्रार बंद.

मी चिडून ताईंना म्हटलं, आपण पुढे जाऊ, भांडू.

"राहू द्या दादा," त्या म्हणाल्या. "काकांनीही सगळ्यांसमोर तेच ऐकवलं. थोरली आली नाही म्हणाले."

आता कुठल्याही एअरलाइनची सिस्टिम बसली की मी पहिला फोन प्रवाशाला करतो. खुर्ची सोडा, काउंटरवर जा, नाव लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. सज्जन माणसं असतात, ती हमखास म्हणतात, "अहो, पण आम्हाला बसून राहायला सांगितलंय."

त्यांना मी सुनंदाताईंची गोष्ट सांगतो. मग उठतात.