किल्ली काढली तरी

गाडीची किल्ली अप्पांच्या हातात होती आणि गाडी चालूच होती. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं, तो आधी हसला. मीही हसले असते. पण त्या सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे गठ्ठे भरून आमची पिकअप कारखान्याच्या फाटकाबाहेर आली आणि तिचं इंजिन आपोआप किंचाळायला लागलं, तेव्हा हसायचं कुणाला सुचलं नाही. अप्पांनी पाय काढून घेतला, आवाज वाढला. किल्ली फिरवून बाहेर काढली, तरी वाढतच गेला. मागून असा निळसर पांढरा धूर सुटला की फाटकाशी लावलेल्या कामगारांच्या सायकली दिसेनाशा झाल्या. मी शेजारच्या सीटवरून ओरडत होते, "अप्पा, बंद करा की," आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, मला नुसती किल्ली दाखवत होते.

कारखान्यातला हमाल धावत आला. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनात हवा नेणारा पाइप उपटला, आमच्याच गठ्ठ्यातले जाड टॉवेल पाण्याच्या टाकीत बुचकळून त्या तोंडावर दाबले आणि वरून फळी रेटून धरली. हवा तुटली तसं इंजिन गचके देत थांबलं. अप्पा मात्र खाली उतरेनात. मी पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी घेतला आणि न पिता तसाच मांडीवर धरून बसले.

माझा जीव उडाला तो धुराने नव्हे, दुसऱ्याच गोष्टीने. अप्पा दुधनीकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी सोलापूरला आले आणि जन्मभर लोकांचे टेम्पो चालवले. आता माझी पिकअप चालवतात. मी इथल्या कारखान्यांतून टॉवेल-चादरी उचलते आणि अक्कलकोट, दुधनीच्या दुकानांत पोचवते. मला स्कूटीपलीकडे काही चालवता येत नाही. मध्यंतरी अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि पुण्याच्या माझ्या भावाने हट्ट धरला की आता पुरे. शेवटी असं ठरलं की पहिली चूक होईपर्यंत चालवायचं, चूक झाली की त्या दिवशी किल्ली माझ्या हातात. अप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून, शपथ घ्यावी तसं, हो म्हटलं होतं. अव्वा, म्हणजे माझी आई, गेल्यापासून ते आमच्याशी जेवढं बोलत नाहीत तेवढं त्या गाडीशी बोलतात. ती गेली तर त्यांचं काय उरणार, हे मला चांगलं कळत होतं.

म्हणून चूक अप्पांची असूच शकत नव्हती. मग कुणाची? उत्तर माझ्याकडे तयार होतं. काही दिवसांपूर्वीच आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने इंजिनाचं काम केलं होतं. टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, झिजलेली सीलं बदलली होती, तेलही नवं भरलं होतं. मी दुसरी गाडी बोलावली, पिकअप दोर लावून त्याच्या गॅरेजवर ओढत नेली आणि उतरल्या उतरल्या सुरू झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझ्याबद्दल आमच्या नात्यात उगाच म्हणत नाहीत. तुझ्या हातात गाडी दिली आणि माझा बाप मरता मरता वाचला, असं मी चारचौघांत म्हणाले. टर्बो दाखवायला आलेलं एक गिऱ्हाईक ते ऐकून गाडी वळवून निघून गेलं.

मिस्त्री मूळचा करकंबचा, वयाने माझ्याएवढाच. त्याने आधी हात पुसले आणि तेल मोजायची काडी बाहेर काढली. एवढं तेल जळून धूर झालं तरी काडीवर ते वरच्या खुणेच्या बरंच पुढे होतं. त्याने समजावून सांगितलं की तेल जादा झालं की ते वाफेबरोबर हवेच्या वाटेत शिरतं. मग इंजिन डिझेल सोडून आपलंच तेल पीत सुटतं, तिथे किल्लीला कोण विचारतो. मी म्हटलं, म्हणजे जादा तेल तूच भरलंस. त्यावर तो म्हणाला की काडी गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय तो एकही गाडी सोडत नाही. तेल खुणेवर होतं, अप्पांनी ते बघितलं होतं.

मी अप्पांकडे वळले. "हौदु," ते कानडीत हो म्हणून पुटपुटले आणि रस्त्याकडे बघायला लागले.

घाबरल्यावर अप्पा कानडीत जातात, हे मला ठाऊक होतं. ते सकाळच्या धुरानेच घाबरलेत असं मी धरून चालले आणि आणखी जोरात भांडले. तेल नसेल तर तुझं सील फुटलं असेल, काम तुझं, जबाबदारी तुझी. आता मिस्त्रीचा चेहरा उतरला.

"ताई, टर्बो उघडतो," तो म्हणाला. "सील माझ्या हातनं बिघडलं असंल तर समदं काम पदरचं घालून करून देतो. पर धड निघालं, तर ह्याच लोकांसमोर तसं म्हना."

तो उघडायला बसला. आम्ही बाकड्यावर बसलो. अप्पांच्या मुठीत किल्ली होती, सकाळपासून त्यांनी ती खिशात टाकली नव्हती. दुपार कलली तेव्हा मिस्त्रीने सील पुसून उजेडात धरलं. ते धड होतं, मलासुद्धा दिसलं. मी मान खाली घातली. तेवढ्यात त्याची नजर गाडीच्या बॉनेटवर गेली, तिथून अप्पांवर गेली. मग सील फडक्यात गुंडाळत म्हणाला की असेल, तेल भरताना त्याचीच नजर चुकली असेल, जाऊ द्या, तो बघून घेईल.

मला सुटल्यासारखं वाटलं. कबूल करायला हरकत नाही, जिंकल्यासारखंही वाटलं. अप्पा मात्र उठून उभे राहिले.

"मिस्त्री, तुमी न्हाय चुकला," ते म्हणाले. "तेल मी पाजलं."

पाजलं म्हणाले, भरलं नव्हे. मी बॉनेटकडे पाहिलं. त्यावर गेरूचे ठिपके तसेच होते, मिस्त्रीने मघाशी पाहिले तेच. परवाच कारहुणवी झाली होती, आमच्याकडचा बैलांचा सण. त्या सणाला अप्पांच्या गावी बैलांना बांबूच्या नळीतून तेल पाजायचे. शहरात बैल नाहीत, म्हणून अप्पा दरवर्षी गाडी धुऊन तिला गेरू लावतात, आरशांना गोंडे बांधतात. मी होळगी, म्हणजे पुरणपोळ्या, करता करता त्यांना चिडवते की तुमच्या बैलाची शिंगं कुठे आहेत. तेलाचं मात्र मला माहीत नव्हतं. मिस्त्रीने कामातून उरलेल्या तेलाचा डबा गाडीत ठेवून दिला होता. तो सबंध डबा अप्पांनी इंजिनात ओतला होता. दरवर्षी ओतायचे. आधीचं झिजलेलं इंजिन ते जाळून टाकायचं, कुणाला पत्ता लागायचा नाही. या वर्षी मिस्त्रीने काम चोख केलं होतं, त्यामुळे तेलाला हळूहळू जळून जायला वाटच उरली नव्हती, ते साचून एकदम हवेच्या वाटेत शिरलं. आणि मी त्या चोख कामावरूनच त्याला फाडून खात होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मिस्त्रीने अप्पांना हाताला धरून परत बाकड्यावर बसवलं. "बैलाला पचतं अप्पा," तो हळूच म्हणाला. "हिला न्हाय पचत." मी तिथे उभ्या असलेल्या लोकांसमोर त्याची माफी मागितली. पण जे गिऱ्हाईक सकाळी निघून गेलं होतं, ते काही ऐकायला तिथे नव्हतं.

निघताना अप्पांनी किल्ली माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, राहू द्या, गाडी दुरुस्त झाल्यावर बघू, दादाला कोण सांगतंय.

"लिंगावर हात ठेवला होता की," ते म्हणाले, आणि त्यांनी माझी मूठ उघडून तीत किल्ली ठेवली. किल्ली घामाने ओली झाली होती.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. अप्पा मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसले होते. गाडीत असे दोघं मागे आम्ही कधी बसलोच नव्हतो, ते नेहमी स्टिअरिंगवर असायचे. रिक्षावाला बेफाम चालवत होता, तरी अप्पा हात मांडीवर ठेवून बाहेर बघत होते. पुढे गतिरोधक आला की त्यांचा उजवा पाय तेवढा रिक्षाच्या पत्र्यावर दाबला जायचा.