बॅटरीची तार काढणारे अंबाजी

गौलीगुड्याचे अंबाजी मिस्त्री आधी बॉनेटवर कान ठेवून निकाल द्यायचे, मग बॅटरीची तार काढायचे आणि त्यानंतरच आत हात घालायचे. शॉर्ट होऊन त्यांच्या उस्तादाची अर्धी मिशी जळाली होती, तेव्हापासूनचं हे व्रत. निकाल बहुतेक वेळा बरोबर निघायचा, त्यामुळे अंबाजींचा स्वभाव बिघडला तो कायमचा.

बाजार खुला झाला, रस्त्यावर नव्या नव्या गाड्या आल्या आणि १९९९ साली नल्लकुंट्याच्या एकनाथराव वकिलांनीही एक घेतली. त्यांच्या वडिलांच्या मोटारीपासून त्या घरची प्रत्येक गाडी अंबाजींकडे. पण हिच्यात इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बुरेटरच्या जागी कॉम्प्युटर! स्टिअरिंगमागे इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागायचा, काळा धूर निघायचा, पेट्रोल पाण्यासारखं जायचं. दोन महिन्यांत अंबाजींनी ती चारदा 'दुरुस्त' केली. तार काढली, प्लग पुसले, तार जोडली, दिवा गायब. वकील घरी पोचेपर्यंत दिवा परत हजर.

"आज नाही जमलं तर उद्या शोरूममध्ये नेतो," पाचव्या खेपेला एकनाथराव म्हणाले. "ते अख्खा कॉम्प्युटर बदला म्हणतात."

वकिलांची गाडी गेली की अंबाजींना गल्लीत तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. पण ऐट सोडतील ते अंबाजी कसले! "हौ, न्या की," म्हणत त्यांनी पाना बॅटरीकडे नेला.

"थांबा!" वकिलांनी आबिड्सच्या फूटपाथवर मिळालेलं गाडीचं इंग्रजी पुस्तक उघडलं. "गाडीत जागोजागी सेन्सर आहेत. एखाद्याचा आकडा भलताच आला की कॉम्प्युटर त्या बिघाडाचा नंबर लक्षात ठेवतो आणि दिवा लावतो. डॅशबोर्डखालच्या या दोन खाचा तारेनं जोडल्या की दिवा लुकलुकून तो नंबर सांगतो. आणि बॅटरी काढली की सगळं पुसलं जातं."

म्हणजे गाडी दोन महिने बोंबलत होती, आणि आपण ऐकायच्या आधीच पुसत होतो! अंबाजींना मनातून लाज वाटली. चेहरा मात्र पुस्तकच चुकलंय असा.

खाचा जोडल्या, चावी फिरवली. दिवा लुकलुकू लागला. अंबाजी म्हणाले पाच, वकील म्हणाले एक्केचाळीस. गोंधळ ऐकून अंबाजींची बायको सुशीलाबाई गॅरेजमागच्या स्वयंपाकघरातून आल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"चूप बसा दोघंबी." एकदा लुकलुक, जरा थांबून चारदा. मग मोठी उसंत, आणि पुन्हा तेच. "चौदा," त्या म्हणाल्या.

पुस्तकात चौदापुढे इंजिनाच्या पाण्याची गरमी मोजणारा सेन्सर होता.

"तोच बदलून टाका," वकील म्हणाले.

"नक्को, साब. नंबर गल्ली सांगतो, घर आपण शोधायचं." अंबाजींची बोटं सेन्सरच्या वायरवरून सरकत गेली आणि एका जागी थबकली. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. इंजिन अजून गारच आहे समजून कॉम्प्युटर बिचारा जास्तीचं पेट्रोल ओतत होता. अंबाजींनी वायर जोडली, टेप गुंडाळली आणि मगच बॅटरी काढून नंबर पुसला.

संध्याकाळी नल्लकुंट्याहून शेजारच्या दुकानात फोन आला. दिवा लागला नव्हता.

अंबाजी छाती फुगवून घरात आले. "पुसायच्या आधी ऐकून घ्यावं लागतं, समजलं?"

"हौ का?" सुशीलाबाई म्हणाल्या. "आणि मी दुखतंय म्हटलं की गोळी देऊन मोकळे होता. कुठं दुखतंय, इचारलं कधी तीस वर्षांत?"

अंबाजींनी हातातला पाना खाली ठेवला आणि स्टूल ओढलं.

"कुठं दुखतंय?"

"नीट बसा," त्या म्हणाल्या. "चौदावर नाही भागायचं."