बादलच्या पाठीवरचा हात

"लागू द्या. आजून आंग तापायलंय त्याचं."

जत्रेच्या मैदानात एडक्याच्या पाठीवर पंजा टेकवून मामा हे म्हणायचे. समोरचा एडका धावत येऊन डोकं आदळायचा. बादल चारही खूर मातीत रोवून ती धडक सोसायचा, आणि मामांचा हात जागचा हलायचा नाही. लोक ओरडायचे, "सोडा की वो! मार खायला आणलंय का त्याला?" मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आणखी एक धडक बसायची. मग हात वर उचलला जायचा.

एडक्यांच्या टकरी तुम्ही पाहिल्या असतील तर पुढचं सांगायला नको. हात सुटला की बादल मागे मागे जायचा, थांबायचा, आणि मग असा यायचा की समोरच्याचे पुढचे पाय दुमडायचे. आमच्याकडे जिंकलेला एडका मैदानातच राहतो आणि पुढचा त्याच्यावर सोडतात. एकदा अंग तापलं की बादलला दुसरा, तिसरा सारखेच. दर वेळी तो थोडा अधिक मागे जायचा. शेवटचे एडके तर त्याला पाहूनच तोंड फिरवायचे.

हरलेले सगळे माझ्याकडे यायचे. सोनपेठकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो. फुटलेलं शिंग, सुजलेला डोळा, सगळं माझ्या टेबलावर. नात्यानं नव्हे, पण मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला डागदर. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. ते म्हणायचे, "डागदर तालुक्याला असतोय. टाका तुमी घालता. मग डागदर कोन?"

एकदा मी विचारलं, "मामा, पहिले दोन मार फुकट का खाऊ देता?"

"फुकट कशाचे? तेवढ्यात पाय मातीत बसत्यात, दम भरतोय, राग चढतोय. पन समोर कोन हाय ते बघून. एकाच धडकंत मान मोडणारा समोर असला, तर एवढी सवड देत न्हाई तो."

"मग?"

"मग थोरला हाय की."

थोरला म्हणजे त्यांचा म्हातारा एडका. एक शिंग अर्धं गेलेलं, एका डोळ्यात फूल पडलेलं. मैदानात कुणी फार मारका एडका असला की मामा आधी थोरल्याला आत न्यायचे. तो चिवट होता. मार खायचा, समोरच्याला दमवायचा, आणि हरून बाहेर यायचा. मग बादल. जत्रा संपली की लोक बादलच्या गळ्यात हार घालायचे आणि मामा खिशातला गुळाचा खडा थोरल्याच्या तोंडात द्यायचे.

मामा बौद्ध. गावाच्या कडेच्या वस्तीत बायको आणि मुलीसह राहायचे, दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. ज्यांना त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, ते जत्रेत बादलच्या पाठीवरून कौतुकानं हात फिरवायचे. मामा मिशीत हसून मला म्हणायचे, "बादलची जात आजून कुनी इचारली न्हाई, डागदर. तवर बरं हाय."

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर दलित वस्त्या पेटल्या. मामांच्या गावातही भर दुपारी वस्ती जाळली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडायला गेलो, तर फाटकाशी मामा उभे होते. हातात बादलचं दावं. मामी आणि मुलगी लिंबाखाली बसलेल्या. मामांचा उजवा तळवा भाजून सोलला होता. जनावरांचंच मलम होतं, तेच लावलं.

पट्टी बांधताना मी विचारलं, "थोरला?"

त्यांनी बादलकडे पाहिलं.

"दोघं एकाच मेढीला बांधले होते," ते म्हणाले. "दोन गाठी. वरून छप्पर खाली यायलं होतं. एकच गाठ सुटंल एवढाच वेळ. हात बादलच्या गाठीला गेला, डागदर. इचार केला न्हाई. आपसूक गेला."

मी पट्टी गुंडाळत राहिलो.

"लय वरडला. नदीपत्तूर ऐकू येत होतं."

माणसं सगळी वाचली होती. मामी तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. पण त्या दिवसापासून मामा बोलता बोलता थांबू लागले. मान वळवायचे, डोळे बारीक करायचे. "ऐका." मी कान द्यायचो. लांब एखाद्या एसटीचा हॉर्न, कुणाच्या तरी मळ्यातलं इंजिन. "ते न्हाई," ते म्हणायचे. "त्याच्या मागं."

काही महिन्यांनी वस्तीवर पत्रे उभे राहिले आणि माणसं परत गेली. त्या दुपारी कोण कुठे होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर कुणी बोलत नव्हतं. एक जत्रा मामांविना गेली. पुढच्या जत्रेच्या आधी गावातून बोलावणं आलं. बादलशिवाय मैदान फिकं वाटतं, म्हणे.

"जाऊ नका," मी म्हणालो.

"जायला पायजे. न्हाई गेलो तर गाव सोडलं म्हनतील. आमी काऊन सोडावं?"

मीही गेलो. मानवतच्या एका आडत्यानं तांबडा एडका आणला होता. त्याची पहिलीच धडक शेवटची असते, असं लोक सांगत होते. बादलची पहिली जोड नेमकी त्याच्याशीच लावली गेली. मामांनी पंचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. थोरला नेहमी तिथे उभा असायचा. मग त्यांनी बादलच्या पाठीवर पंजा टेकवला.

तांबडा सुटला. अर्ध्या वाटेत असताना मामांनी अंग वळवलं आणि ते बादलच्या पुढे आले. पाठीवरचा हात तसाच.

शिंगावर शिंग आपटलं की खणखणीत आवाज होतो. हा तसा नव्हता. ओल्या मातीचं ढेकूळ भिंतीवर मारावं तसा होता. मामा खाली कोसळले आणि बादलच्या पाठीवरचा हात सुटला.

बादलला एवढंच कळत होतं. तो मागे मागे गेला, थांबला, आणि आला. तांबडा त्या एका धडकेत फिरला आणि माणसांच्या पायांतून पळाला. बादल मैदानाच्या मध्यावर उभा राहिला. पंचांनी दोनदा पुकारलं. एडके धरून उभ्या असलेल्यांपैकी एकानंही दावं सोडलं नाही. हलगीवालाही वाजवायचा थांबला होता. इतकं गप्प मैदान मी तेव्हाच पाहिलं.

मी धावलो. मांडीचं हाड मोडलं होतं. बांबूच्या कांबी लावून मी पाय बांधू लागलो.

"मधी कशाला शिरलात, मामा?"

"पयला मार कुनालातरी घ्यावा लागतोय," ते म्हणाले. घामानं तोंड भिजलं होतं. "आतापत्तूर थोरला घेत होता."

परभणीला दवाखान्यात पाय जुळला, पण वाकडा. शेतातलं काम सुटलं. मामी म्हणाली, शहरात काही ना काही मिळेल. औरंगाबादला जाताना त्यांनी बादल माझ्याकडे सोडला. "टकरीला लावू नका," ते म्हणाले. "अन् त्याच्या पाठीवर हात ठेवू नका."

बादल दवाखान्याच्या आवारात राहिला. दुपारी सगळं सामसूम झालं की तो उठायचा, मागे मागे सरकत कुंपणापर्यंत जायचा आणि मान खाली घालून उभा राहायचा. समोर काहीच नसायचं. मी पाणी घेऊन गेलो तरी हलायचा नाही. जिकडे तो बघायचा तिकडे मीही बघू लागलो. माझी बायको म्हणायची, तुम्हाला काही दिसतं का? मी नाही म्हणायचो. काही वर्षांनी तो म्हातारा होऊन तिथेच गेला.

चौऱ्याण्णवला विद्यापीठाला नाव मिळालं. त्यानंतरची गोष्ट. माझी बदली सेलूला झाली होती. देवगाव फाट्यावर एसटीची वाट पाहत होतो, तेवढ्यात एक बाई पुढे आल्या. "डागदर ना तुमी?"

लिंबाखाली बसलेली ती मुलगी. आता शाळेत शिक्षिका होती. बाबा दोन वर्षांपूर्वी वारले, म्हणाली. नाव लागलेलं त्यांना बघायला मिळालं नाही.

"तिकडे एखादं जनावर पाळलं होतं का त्यांनी?"

"न्हाई. पण रोज संध्याकाळी घासाची एक पेंढी विकत आणायचे आणि दाराबाहेर ठेवायचे. आई विचारायची, कुणासाठी? तर म्हणायचे, लांब वरडायलाय. आला जवळ तर असू द्या." ती जराशी हसली. "सकाळी गल्लीतल्या शेळ्या खाऊन जायच्या. आई आजून ठेवती."

तिची गाडी आली. पिशवी उचलता उचलता तिनं विचारलं, "बादलचं काय झालं?"

मी सांगितलं.

पायरीवर एक पाय ठेवून ती तशीच उभी राहिली. कंडक्टर आत चला म्हणाला.

"आईला सांगते," ती म्हणाली. "आता दोन पेंढ्या ठेवाव्या लागतील."